नाव घाला, दोन्ही दिवस

२१४, चॅपल स्ट्रीट,
टॅनर्स बेंड, आयोवा.
मंगळवार, ८ एप्रिल २०२५

प्रति,
कोच रॉबिन टेसमर,
महिला बास्केटबॉल संघ, सेंट ओडिलिया कॉलेज.

महोदया,

आज, ८ एप्रिल रोजी, दुपारी चार वाजून सतरा मिनिटांनी आपल्या संघाच्या यादीतून चौदा नंबरची खेळाडू टेगन रस्मुसेन नाहीशी झाली. वेळ मी घड्याळात पाहून लिहिते आहे. सव्वाचारला ती कॉलेजच्या संकेतस्थळावर होती. युकरच्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या पत्त्यांच्या, स्पर्धेच्या कार्डांवर छापायला तिच्या गावाचं स्पेलिंग मी तपासत होते. किटली शिट्टी वाजवू लागली म्हणून उठले, गॅस बंद केला आणि परत आले, तर तेरा नंबरनंतर एकदम पंधरा. मधे काही नाही. फोटोसुद्धा नाही.

मी एकतीस वर्षं या गावच्या पोस्टाच्या खिडकीत बसले. एवढ्या वर्षांत माझ्या हातून एक पार्सल हरवलं होतं आणि तेही शेवटी सापडलं. तुमच्याकडून मार्चपासून सहा मुली गेल्या आणि ही सातवी. ज्या मुलींना दुसऱ्या कॉलेजात खेळायला जायचं असतं त्यांची नावं तुम्ही देशभरच्या कुठल्याशा यादीत घालता, आणि त्या यादीला पोर्टल म्हणता, हे मला ठाऊक आहे. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये पोर्टल म्हणजे चॅपलचं दार. त्यातून मुली आत जायच्या.

बाकीच्या सहा जणींबद्दल मी लिहिलं नाही, कारण त्या माझ्या नव्हत्या. टेगन माझी आहे. तुमच्या संघाच्या बाकामागे जी पहिली रांग आहे, तिथे आम्ही नऊ म्हाताऱ्या बसतो. दर ऑक्टोबरमध्ये टोपीतून चिठ्ठ्या काढून प्रत्येकीला एक मुलगी मिळते, आणि ती कॉलेज संपेपर्यंत तिचीच राहते. टेगन तीन वर्षांपूर्वी माझ्या हाताला लागली. घरच्या प्रत्येक सामन्याला मी तिच्यासाठी पीनट बटरच्या वड्या केल्या आहेत. ती सामन्यात सरासरी चार मिनिटं खेळते, हा दोष तिचा नाही आणि वड्यांचाही नाही.

तिला कोणी काढलं, का काढलं, आणि तिच्या चौथ्या वर्षाचं काय, याचं लेखी उत्तर सोमवार, १४ एप्रिल, दुपारी बारापर्यंत मला मिळावं. फोन करू नये. मी उचलत नाही.

आपली,
फिलोमिना वेल्टर


सेंट ओडिलिया कॉलेज
गुरुवार, १० एप्रिल

श्रीमती वेल्टर,

आपलं पत्र मिळालं. दुसऱ्या दिवशी रजिस्टर पोस्टाने आलेली त्याची प्रतही मिळाली, आणि जिमच्या दाराखालून सरकवलेली तिसरीही.

खेळाडूंच्या निर्णयांबद्दल बाहेर बोलायची मला परवानगी नाही. एवढंच सांगते की आम्ही कोणालाही काढलेलं नाही. टेगनची लेखी विनंती आमच्या कार्यालयात आली. अशी विनंती आली की दोन कामकाजी दिवसांत नाव पोर्टलमध्ये घालावंच लागतं, असा नियम आहे. आम्ही तो पाळला.

जागा मला रिकामी ठेवता येत नाही. शनिवारी कॅन्ससची एक मुलगी कॉलेज पाहायला येते आहे. एप्रिलमध्ये माझ्या दारावर कोणी टकटक केली की मी आधी खुर्चीत नीट बसून घेते. तेव्हा माझ्यावर रागावायचं असेल तर जरा हळू रागवा.

आपली,
रॉबिन टेसमर


टॅनर्स बेंड
शुक्रवार, ११ एप्रिल

टेगन,

तुझ्या कोचबाई म्हणतात की संघ सोडण्याची विनंती तू स्वतः लिहून दिलीस. मी त्यांच्यावर विश्वास ठेवत नाही. पण तू मंगळवारपासून माझ्याकडे फिरकली नाहीस, त्यामुळे तुझ्यावर तरी किती ठेवावा हा प्रश्न आहे.

तू गेलीस तर मला वाईट वाटेल की नाही, हा विषय बाजूला ठेव. तुझा विषय असा आहे की संघातली जागा गेली तर शिष्यवृत्ती जाईल, आणि शिष्यवृत्ती गेली तर शिक्षकीचं चौथं वर्ष इथे होणार नाही. नेब्रास्कात तुझ्या घरी डुकरं आहेत आणि तुझे तीन धाकटे भाऊ आहेत. त्यातलं कोणीही तुला पदवी देणार नाही.

एकच विचारते. संघ सोडायचा आहे असं तू कोणाला लिहून दिलंस का? हो किंवा नाही. सबब उरू नये म्हणून तिकीट लावलेलं, माझा पत्ता घातलेलं पाकीट सोबत ठेवलं आहे. मंगळवारच्या वड्या डब्यात पडून आहेत.

फिलोमिना वेल्टर


होलीरूड वसतिगृह
रविवार, १३ एप्रिल

प्रिय वेल्टर आजी,

हे माझ्या आयुष्यातलं दुसरं पत्र. पहिलं पाचवीत लिहिलं होतं, सांताला, आणि त्याचं उत्तर आलं नव्हतं. तुम्ही द्याल हे माहीत आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही. संघ सोडायचाय असं मी कोणालाही लिहून दिलेलं नाही. शपथ घेऊन सांगते.

मग नाव कसं गेलं, ते मी कोचना विचारलं नाही. काय विचारणार? कदाचित त्यांना जागा हवी असेल. काल जिममध्ये गेले तर कॅन्ससची मुलगी माझ्या लॉकरला टेकून फोटो काढून घेत होती. सहा फूट दोन इंच आहे. मला म्हणाली, तू इथे मॅनेजर आहेस का? मी हो म्हटलं. ते सोपं वाटलं.

जागा गेली तर काय होईल ते मला कळतं. बाबांना अजून सांगितलं नाही. फोन सारखा वाजतोय, पण तो विषय वेगळा आहे.

युकरला मात्र येणार. दोन्ही दिवस, तुमची जोडीदार म्हणून. ते ठरलंय.

तुमची,
टेगन

ता. क. वड्या शिळ्या झाल्या तरी चालतील.


टॅनर्स बेंड
सोमवार, १४ एप्रिल

कोच टेसमर,

आपण म्हणता मुलीने लिहून दिलं. मुलगी शपथेवर सांगते की दिलं नाही. दोघींपैकी एकीला खोटं बोलण्याची सवय असावी, आणि तीन वर्षांत मला टेगनमध्ये ती दिसलेली नाही. तिची खरी सवय वेगळीच आहे. अन्याय झाला की ती माफी मागते. परवा आपल्या नव्या पाहुणीने तिला मॅनेजर समजलं, तर हिने होकार दिला.

ते पत्र मला दाखवा. टेगनची परवानगी लागत असेल तर मागा, ती देईल. एकतीस वर्षं मी या गावाची हस्ताक्षरं वाचली आहेत. पाकिटावरच्या पत्त्यावरून मला कळायचं की आत लग्न आहे की घटस्फोट. ते टेगनने लिहिलं आहे की तिच्या नावावर दुसऱ्या कोणी, ते मी बसल्या जागी सांगेन.

आणि रॉबिन, तू सात वर्षांची असताना माझ्या खिडकीशी टाचा उंचावून उभी राहायचीस आणि विचारायचीस की पत्र खरंच तिथे पोचतं का. मी तुला दर वेळी खरं उत्तर दिलं. आता तुझी पाळी.

प्रत बुधवार, १६ एप्रिल, सायंकाळी पाचपर्यंत मिळावी.

फिलोमिना वेल्टर


सेंट ओडिलिया कॉलेज
बुधवार, १६ एप्रिल

श्रीमती वेल्टर,

टेगनला विचारलं. दाखवा, म्हणाली. म्हणताना ती बुटांकडे बघत होती, ते का, मला कळलं नाही.

प्रत जोडली आहे. सोयीसाठी मजकूर इथेही लिहिते, कारण तो फार मोठा नाही:

"माझं नाव घाला. दोन्ही दिवस. — १४"

शुक्रवारी, ४ एप्रिलला, ही चिठ्ठी आमच्या कार्यालयातल्या ड्वेनला त्याच्या दाराशी मिळाली. एप्रिल महिन्यात कॉलेजच्या खेळाडूने 'माझं नाव घाला' म्हटलं तर या देशात त्याचा एकच अर्थ होतो. या वर्षी एकीने ते मला मेसेजने कळवलं, एकीने फोनवर नुसता हात हलवणारा बाहुला पाठवला. टेगनने निदान कागदावर लिहिलं, म्हणून मला तेव्हा तिचं कौतुकच वाटलं होतं. 'दोन्ही दिवस' मात्र आम्हाला कळेना. ड्वेनने डोकं लढवलं. नियमात दोन कामकाजी दिवसांची मुदत आहे, तेव्हा दोन्ही दिवस थांबून मगच घाला, घाई नको, असं तिला म्हणायचं असेल. म्हणून त्याने शुक्रवारी काही केलं नाही आणि मंगळवारी चार वाजून सतरा मिनिटांनी नाव हलवलं. तुमचं घड्याळ बरोबर आहे.

एक गोष्ट प्रतीत दिसणार नाही. मूळ कागदाला जांभळ्या फुलांची किनार आहे. ती मी ओळखते. त्याच कागदावरची तुमची अकरा पत्रं माझ्या फाइलमध्ये आहेत. ही चिठ्ठी धरून बारा.

रॉबिन टेसमर


टॅनर्स बेंड
गुरुवार, १७ एप्रिल

रॉबिन,

शुक्रवार, ४ एप्रिल रोजी, सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, फिलोमिना वेल्टर या बाईने एका निष्पाप मुलीला तिचंच नाव कापणारं वाक्य शब्द न् शब्द सांगितलं आणि तिच्याकडून लिहून घेतलं.

ती चिठ्ठी चर्चच्या तळघरातल्या युकरच्या स्पर्धेची आहे. पंचवीस आणि सव्वीस तारखेला. शुक्रवार आणि शनिवार, दोन्ही दिवस. आमच्या रांगेतली प्रत्येक म्हातारी आपापल्या मुलीला जोडीदार करून पत्ते खेळते, हे तुला माहीत आहे, कारण वीस वर्षांपूर्वी तूही खेळलीस आणि हुकमाचा गुलाम, म्हणजे युकरमधलं सर्वांत मोठं पान, न टाकता हातात धरून बसलीस.

टेगनने आधी चांगलं लांब लिहिलं होतं. 'कृपया युकरच्या स्पर्धेसाठी माझं नाव घालाल का, मी वेल्टर आजींबरोबर खेळेन' वगैरे. मी ते फाडलं. सिस्टर पर्पेच्युआंनी आम्हाला शिकवलं होतं की ज्या शब्दाशिवाय वाक्य उभं राहतं तो शब्द म्हणजे आळस. मी म्हटलं, नाव घाला, दोन्ही दिवस, आणि सही नको, नंबर पुरे. तुला सगळं गाव ओळखतं.

चिठ्ठ्या टाकायचा लाकडी डबा ड्वेनच्या दाराशी मीच ठेवला होता. त्यावर माझ्या सुवाच्य अक्षरात 'नावे इथे घाला' असं लिहिलं आहे. कुठली नावं, ते लिहिलेलं नाही. तोही शब्द मला आळस वाटला. ड्वेनने डबा त्याच दिवशी रिकामा केला आणि नंतर तो खाली कॉलेजच्या तळघरात नेऊन ठेवला, हे नशीब म्हणायचं. नाहीतर मंगळवारपर्यंत तुझा सगळा संघ पोर्टलमध्ये गेला असता आणि तुझ्याकडे शिल्लक राहिल्या असत्या आम्ही नऊ जणी.

आज पवित्र गुरुवार आहे. फादरकडे पापनिवेदनाला जाणारच आहे, पण त्यांना बास्केटबॉल कळत नाही, म्हणून आधी तुला लिहिलं. ड्वेनला मी गेल्या आठवड्यात जे म्हणाले ते मागे घेते. कॅन्ससच्या मुलीबद्दल म्हणाले ते अर्धं मागे घेते.

आता टेगनची जागा तिला परत दे. सोमवारी संध्याकाळपर्यंत लेखी कळव. या खेपेला मी हुकूम करत नाही, मागते आहे. हे वाक्य मला तीनदा लिहावं लागलं.

फिलोमिना


सेंट ओडिलिया कॉलेज
सोमवार, २१ एप्रिल

फिलोमिनाबाई,

तुमचं पत्र मी ड्वेनला वाचून दाखवलं. तो आधी पांढरा पडला आणि मग इतका हसला की त्याला बाहेर जाऊन बसावं लागलं. त्याने डब्यावर आता 'पत्त्यांसाठी' असं लिहिलं आहे. तेही पुरेसं नाही, असं मी त्याला सांगितलं. टपालाच्या पत्त्यांचे कागदही लोक टाकतील.

कॅन्ससच्या मुलीने आम्हाला होकार दिला होता. शनिवारी तिने टेनेसीलाही होकार दिला, म्हणजे आमच्याकडे ती यायच्या आधीच गेली. टेगनची जागा आणि शिष्यवृत्ती तिचीच आहे. तसं मी तिला आज सकाळी बोलावून सांगितलं.

चूक एकट्या तुमची नाही. मार्चमध्ये सहा जणींना मी विचारलं, का जातेस. सहाही उत्तरं माझ्याबद्दल होती. सातवीला विचारायचं धैर्य झालं नाही. विचारलं असतं तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता.

एक कोडं राहिलं. जागा परत मिळाली म्हटल्यावर टेगन थँक्यू म्हणाली, आणि म्हणाली, मी विचार करून सांगते. विचार कसला?

रॉबिन


होलीरूड वसतिगृह
सोमवार, २८ एप्रिल

प्रिय वेल्टर आजी,

काल चर्चच्या पायऱ्यांवर तुम्हाला सांगणार होते. तुम्ही सगळ्यांना ओरडून सांगत होता की आपण चौथ्या आलो ते माझ्यामुळे, म्हणून राहून गेलं. समोर सांगायला जमलंही नसतं. आता कळतं तुम्ही पत्रं का लिहिता.

मी तुम्हाला खोटं सांगितलं नाही. पण सगळंही सांगितलं नाही.

आठ तारखेला साडेचारला मला फोन आला. साउथ डकोटाच्या ब्लफ रिव्हर कॉलेजच्या कोच, मार्गो लिंडक्विस्ट. म्हणाल्या, तुझं नाव आत्ताच पोर्टलमध्ये दिसलं. मला वाटलं कोणी चेष्टा करतंय. त्या म्हणाल्या, जानेवारीत तू अकरा मिनिटं खेळलीस तो सामना मी पाहिला आहे. आपल्या दोन मुलींना फ्लू झाला होता, तो सामना. तू डाव्या हाताने कोपऱ्यात पास दिलास आणि समोरच्या पाच जणींनी चुकीच्या बाजूला मान वळवली, असं म्हणाल्या. आजी, तो पास मलाही आठवत नव्हता.

मग जिना उतरताना ड्वेन भेटला. म्हणाला, वाईट वाटलं, पण चिठ्ठी लिहिलीस ते बरं केलंस. चिठ्ठी म्हटल्यावर मला पाच मिनिटांत सगळं कळलं. नाव घाला, दोन्ही दिवस. तिथल्या तिथे सांगितलं असतं तर सहाच्या आत माझं नाव परत लागलं असतं.

मी सांगितलं नाही. खोलीवर जाऊन फोन चार्जिंगला लावला आणि त्याच्याकडे बघत बसले. आणखी दोन कॉलेजांचे फोन आले. इथे तीन वर्षांत मी नेहमी कोणाच्या तरी बदली उतरले. कोचही चांगल्या आहेत, मुलीही चांगल्या आहेत. पण 'तू ये' असं मला कोणी म्हटलं नव्हतं. ते कसं वाटतं ते मला थोडे दिवस बघायचं होतं. आणि तेवढ्यात तुम्ही माझ्यासाठी सगळ्या गावाशी भांडायला लागलात. मग तर सांगायची लाजच वाटायला लागली.

लिंडक्विस्टबाई म्हणतात, तिथे शिष्यवृत्ती आहे, शिक्षकीचं चौथं वर्ष आहे, आणि मी पहिल्या पाचात खेळेन. इथे जागा परत मिळाली आहे, पण बाकावरची. दोघींनाही शुक्रवारी सांगायचं आहे.

तुम्ही सांगाल तसं करते. खरंच. इतकं झाल्यावर तुम्हाला तेवढा हक्क आहे.

टेगन


टॅनर्स बेंड
बुधवार, ३० एप्रिल

टेगन,

तू मला तेवीस दिवस फसवलंस. पोस्टात असतीस तर नोकरी गेली असती. हे आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना विसरायची नाहीस.

तुझं पत्र आलं तेव्हा मी वड्यांचं पातेलं घासत होते. वाचून झाल्यावर तेच पातेलं पुन्हा घासलं. पुढच्या वर्षीची सामन्यांची तारीखवार यादी मी फ्रिजवर लावून ठेवली आहे, घरच्या चौदा सामन्यांभोवती लाल गोल काढून. ती यादी माझी आहे. तुझ्या निर्णयात तिचं नाव घ्यायचं नाही.

काय करायचं ते मी सांगणार नाही. मात्र शनिवारच्या तिसऱ्या डावाबद्दल बोलायचं आहे, कारण आपण चौथ्या आलो ते तिथे. बदामाचा हुकूम होता. तुझ्या हातात दोन्ही लाल गुलाम, एक्का आणि राजा. मला ते नंतर दिसलं. अशी पानं आल्यावर युकरमध्ये काय म्हणतात? 'एकटी' म्हणतात. मग जोडीदाराने आपली पानं पालथी ठेवायची आणि म्हणणारी एकटी खेळते, आणि सगळे हात जिंकली तर दुप्पट गुण. तू काय केलंस? चार उत्तम पानं हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस. मी काय खेळते, मला काय हवंय, मी रागावेन का. तेवढ्यात डाव गेला.

पानं चांगली आली की जोडीदाराकडे बघायचं नसतं, टेगन. ती पानं तुझी आहेत. तो पासही तुझाच होता. मला तो आठवतो. मी तेव्हा शेजारी बसलेल्या लोरेनला कोपराने ढोसलं होतं आणि तिची कॉफी सांडली.

मी माझी पानं पालथी ठेवली आहेत. गप्प बसण्याचं वचन मात्र देत नाही. ते खेळाच्या नियमात नाही.

सोबत पोस्टाचा पत्ता बदलण्याचा छापील अर्ज आहे. भरायचा की फाडायचा ते तू ठरव. कोचला तोंडी सांग आणि तिच्या डोळ्यांकडे बघून सांग. का जातेस ते तिने न विचारताच सांग, आणि ते तिच्याबद्दल नाही हेही सांग. तिला ते ऐकायची गरज आहे.

फिलोमिना आजी


२१४, चॅपल स्ट्रीट,
टॅनर्स बेंड, आयोवा.
मंगळवार, ३ जून २०२५

प्रति,
कोच मार्गो लिंडक्विस्ट,
महिला बास्केटबॉल संघ, ब्लफ रिव्हर कॉलेज, साउथ डकोटा.

महोदया,

आज, ३ जून रोजी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी आपल्या संकेतस्थळावर टेगन रस्मुसेन हिचं नाव संघाच्या यादीत आलं. ते बघायला मी सोमवारपासून बसले होते. आल्याबद्दल आभार. आता चुका.

पहिली: आडनावाच्या शेवटी आपण 'सन' छापलं आहे. ती 'सेन' आहे. तिचे पणजोबा डेन्मार्कहून ते 'सेन' सांभाळून घेऊन आले, आणि आपल्या कार्यालयाने ते एका सकाळीत हरवलं.

दुसरी: उंची पाच फूट आठ लिहिली आहे. ती पाच फूट दहा आहे. मान खाली घालून उभी राहते म्हणून तसं वाटतं. तिला कोणी काही चांगलं म्हटलं की दोन इंच वाढते, हे आपण आठवड्याभरात पाहालच.

तिसरी: चौदा नंबर आपल्याकडे दुसऱ्या मुलीचा आहे असं कळतं, म्हणून हिला एकेचाळीस दिला. आकडे उलटे लावायची आपल्याकडे पद्धत असेल तर माझी हरकत नाही. पण टेगनला तो आवडला असं ती म्हणाली असेल तर तिला पुन्हा विचारा. ती पहिल्यांदा नेहमी हो म्हणते. दुसऱ्यांदा खरं सांगते.

ती काही लिहून देईल तेव्हा ते कशाबद्दल आहे तेही विचारा. हे मी अनुभवावरून सांगते आहे आणि त्याबद्दल जास्त बोलणार नाही.

आता माझ्या मागण्या. आपल्या बाकामागच्या पहिल्या रांगेत कोण बसतं, ते कळवावं. तिथे म्हाताऱ्यांची सोय नसेल तर ती कशी करावी याची चार पानी टिप्पणी जोडली आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या सामन्यासाठी मला कडेची खुर्ची हवी, डावा गुडघा वाकत नाही. शेजारची खुर्चीही राखून ठेवा. माझ्याबरोबर गाडी चालवायला एक बाई येणार आहे. तीही आपल्याच व्यवसायातली आहे. यायचं तिनेच काढलं, मी विचारलं नव्हतं. तिच्याशी पोर्टलचा विषय काढू नये. टेगन मैदानात उतरल्यावर ती रडली तर तिकडे बघू नये, मीही बघणार नाही.

वड्या जिममध्ये आत नेऊ देतात का? डबा मोठा आहे.

शेवटचं आणि सर्वांत महत्त्वाचं. टेगन लिहिते की आपल्याकडे युकर कोणी खेळत नाही, पत्त्यांचा दुसराच खेळ, पिनॉकल, खेळतात. हे खरं असेल तर मुलीला एकटीने खेळायचा सराव कसा देणार, याचा खुलासा व्हावा.

वरील तिन्ही दुरुस्त्या झाल्याचं आणि सर्व प्रश्नांचं लेखी उत्तर मला शुक्रवार, २० जून, सायंकाळी पाचपर्यंत मिळालंच पाहिजे. पोस्टाचा शिक्का ग्राह्य धरीन, सबब धरणार नाही. फोन करू नये. फोन मी आता उचलते, पण फक्त रविवारी, आणि तो आपला नसतो.

आपली,
फिलोमिना वेल्टर